जगन्नाथराव भोसले

जगन्नाथराव कृष्णराव भोसले (१९०६–१९६३) हे आझाद हिंद फौजेतील एक प्रमुख मराठी सेनाधिकारी, आझाद हिंद सरकारच्या मंत्रिमंडळाचे सदस्य आणि स्वातंत्र्योत्तर काळात भारत सरकारमधील पुनर्वसन खात्याचे उपमंत्री होते. सार्वजनिक जीवनात ते जनरल भोसले या नावाने ओळखले जात. मेजर जनरल हे त्यांचे पद आझाद हिंद फौजेतील होते. ब्रिटिश हिंदी सैन्यात ते लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर असताना युद्धकैदी झाले होते. एकाच सैनिकाच्या नावामागे असलेल्या या दोन हुद्द्यांमुळे आझाद हिंद सैनिकांची सेवा, त्यांची पदे व पदके अधिकृत लष्करी नोंदींत कोठे बसतात, या दीर्घकाळ रेंगाळलेल्या प्रश्नाच्या संदर्भात भोसले यांचे चरित्र महत्त्वाचे ठरते.

जन्म व शिक्षण

भोसले यांचा जन्म तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील तिरोडा या गावी झाला. हे गाव आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. लष्करी शिक्षणासाठी ते देहरादूनच्या सैनिकी महाविद्यालयात व त्यानंतर इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे गेले. त्या काळात सँडहर्स्टमध्ये हिंदी तरुणांसाठी मोजक्याच जागा असत आणि तेथून बाहेर पडणाऱ्यास राजाचे कमिशन मिळे. अशा रीतीने अधिकारी झालेल्या सुरुवातीच्या मराठी तरुणांत भोसले यांची गणना होते. पुढे मराठा पलटणीत त्यांनी सेवा केली.

सिंगापूरचा पाडाव

दुसऱ्या महायुद्धात १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर येथील ब्रिटिश सैन्याने जपानपुढे शरणागती पत्करली. दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारी रोजी, फॅरर पार्क मैदानावर हजारो हिंदी युद्धकैद्यांना एकत्र आणण्यात आले. ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना जपान्यांच्या स्वाधीन केले आणि जपान्यांनी कॅप्टन मोहनसिंग यांच्या हाती सोपविले. याच मेळाव्यातून पहिल्या आझाद हिंद फौजेचा उगम झाला. फौजेची रीतसर उभारणी सप्टेंबर १९४२ मध्ये झाली. तीत हिंदुस्थान फील्ड ग्रूप या लढाऊ गटाचे नेतृत्व भोसले यांच्याकडे होते.

डिसेंबर १९४२ मध्ये मोहनसिंग व जपानी अधिकारी यांच्यातील मतभेद विकोपाला गेले. मोहनसिंग यांना अटक झाली आणि पहिली फौज विस्कटली. १९४३ च्या प्रारंभी फौजेची पुनर्रचना करताना लष्करी कारभारासाठी जे संचालनालय स्थापन झाले, त्याचे प्रमुखपद भोसले यांच्याकडे आले. सुभाषचंद्र बोस जुलै १९४३ मध्ये सिंगापूरला पोहोचेपर्यंत फौजेचा सांगाडा टिकवून धरण्याचे काम या व्यवस्थेने केले.

आझाद हिंद सरकार

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूर येथे हंगामी आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. त्याच्या जाहीरनाम्यावर सैन्याचे प्रतिनिधी म्हणून सही करणाऱ्या मंत्र्यांत भोसले यांचा समावेश होता. शाहनवाज खान, महंमद झमान कियानी, अ. दि. लोकनाथन, अझीझ अहमद आदी अधिकारीही त्यांत होते. फौजेचे सर्वोच्च सेनापती स्वतः बोस होते. भोसले यांनी सेनामुख्यालयाच्या प्रमुखाची जबाबदारी सांभाळली. या सरकारला जपान व जर्मनीसह नऊ राष्ट्रांनी मान्यता दिली होती.

स्वतंत्र सरकार म्हटले की त्याचे स्वतंत्र मानसन्मानही आले. शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद व शहीद-ए-भारत ही आझाद हिंदची पदके होत. त्यांची सुरुवात १९४२ मध्ये बोस जर्मनीत असताना झाली आणि पुढे पूर्वेकडील फौजेतही ती देण्यात आली. १४ एप्रिल १९४४ रोजी मणिपूरमधील मोइरांग येथे तिरंगा फडकविणारे कर्नल शौकत मलिक हे सरदार-ए-जंग या पदकाचे मानकरी होते.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती जाहीर केली. बोस यांनी बँकॉक सोडल्यानंतर तेथील फौजेची जबाबदारी भोसले यांच्यावर होती. ब्रिटिश सैन्य आल्यावर त्यांना ताब्यात घेण्यात आले आणि पुढे दिल्लीच्या लाल किल्ल्यात ठेवण्यात आले. १९४६ मध्ये त्यांची मुक्तता झाली.

सेवानोंदींचा प्रश्न

परत आणलेल्या सैनिकांची ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पांढरे, करडे व काळे अशा तीन वर्गांत विभागणी केली. फौजेत न गेलेले किंवा केवळ निसटण्यासाठी गेलेले पांढऱ्या वर्गात, परिस्थितीने ओढले गेलेले करड्या वर्गात आणि निष्ठेने सामील झालेले काळ्या वर्गात धरले जात. या शेऱ्यावर सैनिकाचे पुढील आयुष्य अवलंबून असे. पांढऱ्या वर्गातील सैनिक पूर्ववत सेवेत येई. काळ्या वर्गातील सैनिक बडतर्फ होई आणि बंदिवासाच्या काळातील साचलेल्या वेतनालाही मुके. त्याच्या सेवापुस्तकाची अखेर बडतर्फीच्या नोंदीने होत असे.

५ नोव्हेंबर १९४५ पासून लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल व गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला चालला. बचावपक्षाचे वकील भुलाभाई देसाई यांचा युक्तिवाद मूलतः एकाच मुद्द्यावर उभा होता. आझाद हिंद हे युद्ध पुकारण्याचा अधिकार असलेले सरकार होते. म्हणून त्याचे सैनिक कायदेशीर योद्धे होते, राजद्रोही नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. लष्करी न्यायालयाने हे मान्य केले नाही. तिघांनाही जन्मठेप, बडतर्फी व थकीत वेतन जप्त अशी शिक्षा झाली. जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेप माफ केली. मात्र बडतर्फी व वेतनजप्ती कायम ठेवली. लोकक्षोभामुळे सैनिक तुरुंगातून सुटले, परंतु कागदावरील शिक्षा उरली.

स्वातंत्र्यानंतर हे कागद आपोआप बदलतील अशी अनेकांची अपेक्षा होती. तसे घडले नाही. लष्करातील शिस्त व सेवाज्येष्ठता यांना बाधा येईल या कारणावरून या सैनिकांना सैन्यात परत घेण्यात आले नाही. बडतर्फीचा कलंक दूर करण्याचे धोरण १९४८ मध्ये सरकारने स्वीकारले. इतर सरकारी सेवांची व राजकारणाची दारे त्यांना खुली राहिली. शाहनवाज खान केंद्रात मंत्री झाले, तर सिरिल स्ट्रेसी परराष्ट्रसेवेत गेले.

पदकांच्या बाबतीत अडचण अधिक मूलभूत होती. परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र ही शौर्यपदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाली. त्यापूर्वीची आझाद हिंदची कामगिरी या मर्यादेबाहेर राहिली. दुसरीकडे, ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या भारतीय सैनिकांना महायुद्धातील तारे व पदके गणवेशावर लावण्याची मुभा स्वतंत्र भारतातही कायम राहिली. त्यामुळे ब्रह्मदेशाच्या एकाच रणभूमीवर समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन भारतीयांपैकी एकाचे पदक अधिकृत यादीत आले, दुसऱ्याचे आले नाही.

सार्वजनिक कार्य

भोसले यांनी लष्करी पुनर्नियुक्तीऐवजी लोकसेवेचा मार्ग स्वीकारला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे रत्नागिरी भागातून लोकसभेवर निवडून आले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीमुळे निर्वासित झालेल्यांचा प्रश्न तेव्हा तीव्र होता. छावण्यांत वाढणारी मुले घर, शाळा व दिनक्रम यांना पारखी झाली होती. या मुलांसाठी भोसले यांनी १९५४ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, व्यायाम, समूहगान व देशाच्या इतिहासाची ओळख असे तिचे स्वरूप होते. योजनेचे शिक्षक म्हणून आझाद हिंद फौजेतील अनेक माजी सैनिकांना काम मिळाले. ज्यांच्या सेवेला लष्करात स्थान उरले नव्हते, त्यांच्या अनुभवाचा देशाला असा उपयोग झाला. पुढे ही योजना इतर शाळांतही पसरली. कुंझरू समितीच्या शिफारशींनंतर १९६५ मध्ये राष्ट्रीय फिटनेस कोअरच्या रूपाने तिचे एकत्रीकरण झाले. ते पाहण्यास भोसले हयात नव्हते. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले.

निधनोत्तर मान्यता

१५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना लागू केली आणि तीत आझाद हिंद सैनिकांना पात्र ठरविले. १९८० मध्ये तिला स्वतंत्रता सैनिक सन्मान निवृत्तिवेतन योजना हे नाव मिळाले. १९४२ च्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले सत्याग्रही, नंदुरबारच्या शिरीषकुमार मेहता यांच्यासारख्या हुतात्म्यांचे वारस आणि आझाद हिंदचे सैनिक अशा प्रकारे स्वातंत्र्यसैनिक या एकाच संज्ञेखाली आले. हा गौरव मोठा असला, तरी तो नागरी स्वरूपाचा होता. सैनिक म्हणून त्यांचा हुद्दा व पदके यांची नोंद त्यातून झाली नाही. शिवाय पात्रतेसाठी पुरावा लागे आणि फौजेची बरीचशी कागदपत्रे माघारीच्या व शरणागतीच्या दिवसांत नष्ट झाली होती.

संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागासाठी इतिहासकार प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९५० च्या सुमारास लिहिलेला आझाद हिंद फौजेचा इतिहासही दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. केंद्रीय माहिती आयोगापर्यंत त्यासाठी दाद मागावी लागली. २०१९ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आझाद हिंद फौजेच्या चार वयोवृद्ध सैनिकांना प्रथमच सहभागी करून घेण्यात आले. तेव्हा ते सर्व नव्वदीच्या पुढे होते.

भोसले यांच्या नावामागे लोकांनी जनरल हे पद कायम ठेवले. ते पद त्यांना ज्या फौजेने दिले, तिचा हुद्दा भारतीय सैन्याच्या नोंदीत कधी उतरला नाही.