ऑलिम्पिकवीर कै. खाशाबा जाधव

बंगळूरहून मिरजमार्गे पुण्याला जाणाऱ्या गाडीने आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. सांगली, किर्लोस्करवाडी मागे पडली की कराड येते. स्टेशन गावापासून लांब, ओगलेवाडीला. ही लाईन मीटरगेज होती त्या काळी, १९५२ साली, याच स्टेशनावर एका पैलवानाच्या स्वागताला माणसांचा पूर लोटला होता. त्याच्या मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या होत्या. ते पैलवान म्हणजे कै. खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिम्पिक पदक त्यांनी मिळवून दिले.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, तेव्हा मुलांना लाल माती घरातच मिळाली. खाशाबा पाच भावांत धाकटे. अंगकाठी लहान, पण ‘ढाक’ हा डाव असा बसलेला की समोरचा उचलला गेल्यावरच त्याला काय झाले ते समजे. कराडच्या टिळक हायस्कूलात शिक्षण झाले, पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेजात.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते गेले. मातीत वाढलेल्या माणसाला मॅटवरची कुस्ती आणि तिचे गुण मोजण्याचे नियम, दोन्ही नवखे. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. ही कामगिरी आपण फार लवकर विसरलो असे मला वाटते.

हेलसिंकीच्या वेळी अडचण पैशांची होती. सरकारी मदत वेळेवर मिळेना. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मंडळाच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना या आकड्याचे वजन वेगळे सांगायला नको. आणि तेव्हाचे सात हजार!

हेलसिंकीत ते बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. मग जपानच्या शोहाची इशीबरोबरची कुस्ती पंधरा मिनिटांहून अधिक चालली आणि ती ते थोडक्यात हरले. अंग घामाने निथळत असतानाच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद ममादबेयोवशी लढायला बोलावले. नियमाने दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी होती. पण ते पंचांपुढे जाऊन सांगायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. आपल्या खात्यात ड्रायव्हरची ‘रेस्ट’ पुरी झाल्याशिवाय त्याला गाडीवर पाठवायचे म्हटले तर केवढा गहजब होतो, ते इथले सहकारी जाणतात. खाशाबा एकटे होते. थकलेल्या अंगाने लढले आणि हरले. इशीला सुवर्ण, ममादबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य, असा निकाल २३ जुलै १९५२ रोजी लागला. त्याच स्पर्धेत आपल्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकले, त्यामुळे देशाचे कौतुक बरेचसे तिकडे गेले.

परत आल्यावर खाशाबांनी काय केले? कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचे घर सोडवले. मला स्वतःला पदकाइतकेच हे मोठे वाटते.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. खात्याच्या स्पर्धा गाजवल्या आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारीही सुरू केली. वय तिशीचे, अनुभव दोन ऑलिम्पिकचा. पण ऐन वेळी गुडघा दुखावला. पैलवानाचे सगळे बळ अखेर पायावर तोललेले असते. पाय रोवला नाही तर ढाक कसली आणि पट काढणे कसले! मेलबर्न हुकले आणि तिसरे ऑलिम्पिक मग झालेच नाही.

पुढची वर्षे नोकरीत गेली. सुमारे सत्तावीस वर्षे सेवा करून ते असिस्टंट पोलीस कमिशनर म्हणून निवृत्त झाले. पण पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. निवृत्तीनंतर थोड्याच काळात, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न.

दुसरे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडले. ते अटलांटाला टेनिसपटू लिअँडर पेसने मिळवले. कुस्तीतले दुसरे पदक तर २००८ मध्ये सुशील कुमारने आणले, म्हणजे छप्पन्न वर्षांनी. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०१० मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या आखाड्याला त्यांचे नाव दिले गेले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळायचे महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ठरवले.

यंदा दिवाळीला गावी जाताना कराड आले की मुलांना उठवा आणि खिडकीतून ते स्टेशन दाखवा.