नकाशावरील रेषांमागील पुरुष : कर्नल विल्यम लॅम्बटन

भूगोलाचा नकाशा भिंतीवर टांगला म्हणजे त्यावरील डोंगर, नद्या व शहरें आमच्या विद्यार्थ्यांस चटकन् दिसतात. परंतु त्या सर्वांवरून जाणारें उभ्या-आडव्या रेषांचें बारीक जाळें सहसा कोणी निरखून पाहत नाहीं. आपलें रिठद गांव सुमारें २० अंश उत्तर अक्षांशावर व ७७ अंश पूर्व रेखांशाच्या निकट आहे, असें आपण सांगतों. पण हे अंश प्रथम कोणी मोजले व त्यांवर विश्वास कां ठेवावा, हा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच येतो. ज्या गृहस्थांनीं या कामीं आयुष्याचीं वीस वर्षें वेंचलीं, ते आपल्याच विदर्भांत, हिंगणघाट येथें, चिरनिद्रा घेत आहेत. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

आधीं एक भेद ध्यानांत घ्यावा. नकाशावर दोन प्रकारचीं जाळीं घालतात. एकांत कडेस अक्षरें व अंक लिहून कागदाचे चौकोन पाडलेले असतात. तें केवळ गांव शोधण्याच्या सोयीसाठीं असून कागद बदलला कीं तेंही बदलतें. दुसरें अक्षांश-रेखांशांचें, तें कागदाशीं नव्हे, तर पृथ्वीशीं बांधलेलें असतें. आज संगणकावर नकाशे काढणारा मनुष्य हीं दोन्हीं जाळीं क्षणांत उमटवितो. परंतु दुसरें जाळें खरें ठरावयाचें तर जमिनीवरील कांहीं ठिकाणें आधीं अचूक मोजलेलीं असावीं लागतात. दक्षिण हिंदुस्थानांत तीं ठिकाणें मोजण्याचें महत्कार्य लॅम्बटन साहेबांनीं आरंभिलें.

लॅम्बटन यांचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत एका साधारण स्थितींतील कुटुंबांत झाला. गणिताच्या आवडीवांचून त्यांजपाशीं दुसरें भांडवल नव्हतें. ते पायदळ पलटणींत शिरले, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत लढले व १७८१ सालीं यॉर्कटाऊन येथें इंग्रज सैन्य शरण गेलें तेव्हां कैद झाले. पुढें उत्तर अमेरिकेंतच त्यांनीं सीमेच्या मोजणीचें काम केलें. तेथें काजळी काचेवांचून सूर्यग्रहण पाहिल्यामुळें त्यांचा एक डोळा कायमचा अधू झाला. ज्यांस पुढें आयुष्यभर दुर्बिणींतून पाहावयाचें होतें, त्यांजवर हा प्रसंग यावा हें केवढें दुर्दैव! तरी त्यांनीं नाद सोडला नाहीं.

१७९६ च्या सुमारास त्यांची पलटण हिंदुस्थानांत आली. १७९९ सालच्या टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धांत एके रात्रीं एक तुकडी वाट चुकून शत्रूच्या तळाकडेच चालली होती. लॅम्बटन यांनीं ताऱ्यांवरून ही चूक ओळखली व सेनापतीस सांगितली. युद्ध संपतांच त्यांनीं मद्रास सरकारापुढें असा बेत मांडला कीं, पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत देश त्रिकोणांनीं मोजावा. त्यास विरोध झाला. श्रीरंगपट्टणास जाणें असेल तर पालखीच्या भोयांस सांगावें, ते नकाशावांचूनही पोहोंचवितात, असा आक्षेप एका अधिकाऱ्यानें घेतल्याचें प्रसिद्ध आहे. परंतु सरकारानें अखेर संमति दिली.

या मोजणीची रीति आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस कळण्यासारखी आहे. जमिनीवर एक सरळ रेषा अत्यंत काळजीनें मोजावयाची. हा त्रिकोणाचा पाया. त्याच्या दोन्ही टोंकांवरून दूरच्या एका टेकडीचे कोन घ्यावयाचे. एक बाजू व दोन कोन हातीं आले म्हणजे उरलेल्या दोन बाजू गणितानें निघतात. त्या नव्या बाजूंवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा, अशी सांखळी शेंकडों मैल नेतां येते. आणि ताऱ्यांचे वेध घेऊन कांहीं ठिकाणांचे अक्षांश ताडून पाहावयाचे असतात. पायाच चुकला तर ती चूक साऱ्या सांखळींत उतरते. म्हणून मद्रासेजवळील साडेसात मैलांची पहिली रेषा मोजण्यास १० एप्रिल १८०२ रोजीं आरंभ झाला, तो २२ मे रोजीं संपला. शंभर फुटांची पोलादी सांखळी सुमारें ४०० वेळां मांडावी लागली. उन्हानें पोलाद वाढतें, म्हणून सांखळीजवळ उष्णतामापक ठेवून तितकी वजावट करीत.

कोन मोजण्याचें थिओडोलाइट नांवाचें यंत्र सुमारें अर्धा टन वजनाचें होतें. विलायतेहून येतांना तें फ्रेंच गलबतानें पकडून मॉरिशस बेटास नेलें. इंग्रज व फ्रेंच यांचें हाडवैर असतांही तेथील फ्रेंच सुभेदारानें तें शास्त्रीय कार्याचें साधन जाणून आदरपूर्वक परत धाडलें. १८०८ सालीं याच यंत्रावर दुसरें संकट आलें. तंजावरास तेव्हां सरफोजी राजे भोसले गादीवर होते. तेथील उंच गोपुरावर यंत्र चढवितांना दोर तुटला व त्याचें मुख्य वर्तुळ वांकलें. दुसरा कोणी हताश होऊन बसला असता. लॅम्बटन यांनीं तंबूचें दार लावून घेतलें व सुमारें सहा आठवडे खपून एकेक भाग पूर्वीच्या आकारास आणला.

या श्रमाचें फळ लवकरच दिसून आलें. मद्रासेपासून मंगळूरपर्यंतचा देश जुन्या नकाशांत दाखविल्यापेक्षां सुमारें ४० मैलांनीं अरुंद ठरला! भूमि तीच होती; खोटी होती ती कागदावरची रेषा. मग साहेबांनीं कन्याकुमारीकडून उत्तरेस त्रिकोणांची सांखळी चालविली व तिनें सुमारें १० अंश अक्षांश आक्रमिले. १८१८ सालीं या कार्यास महात्रिकोणमितीय सर्वेक्षण असें नांव मिळालें.

हें सांगतांना दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. कंपनी सरकारास नकाशे हवे होते ते सैन्य हलविण्यास व सारा बसविण्यास. मोजणीदार दिसले कीं लोकांस धाक वाटे. निशाणें धरणारे, यंत्रें वाहणारे व रानें तोडणारे शेंकडों हिंदी लोक या कामीं झिजले. १८१९ सालीं कृष्णा व गोदावरी यांमधील रानांत सर्वेक्षणाच्या तुकडींत तापाची भयंकर सांथ आली व कित्येक मृत्युमुखीं पडले. त्यांचीं नांवें कोणत्याही नकाशावर नाहींत. परंतु त्यांनीं उभारलेल्या खुणांवरच ती सांखळी टिकली, हें आम्हीं विसरतां कामा नये.

वार्धक्यांतही लॅम्बटन यांनीं छावणी सोडली नाहीं. हैदराबादेहून नागपुराकडे जात असतां २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें त्यांचा देहान्त झाला. त्यांचे सहकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं ही सांखळी वऱ्हाडांतील टाकळखेड्यावरून उत्तरेस नेली व १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्यास भिडविली. तिच्याच पायावर राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञानें १८५२ सालीं जगांतील सर्वोच्च शिखराची उंची हिशोबानें काढली. शिखरास नांव एव्हरेस्ट यांचें मिळालें. आरंभ करणारे लॅम्बटन मात्र फारसे कोणास ठाऊक नाहींत.

आतां उपग्रहांच्या साह्यानें कोणत्याही गांवाचें स्थान क्षणार्धांत कळतें. २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा-धोरणानें जनतेसाठीं काढावयाच्या नकाशांकरितां उपग्रहांशीं जुळणारें जागतिक मान स्वीकारलें आहे. तरीही संगणकावर जाळें घालणाऱ्यानें नकाशा कोणत्या मानानें मोजलेला आहे हें आधीं पाहिलें नाहीं, तर रेषा सुबक उमटतात, परंतु गांव, विहीर व शेताचा बांध आपल्या जागेवरून सरकलेले दिसतात. बांध सरकला म्हणजे तंटा उभा राहतो, हें आमच्या शेतकरी पालकांस निराळें सांगणें नको. यंत्र सरळ रेषा काढून देईल. ती खरी आहे कीं नाहीं हें पाहणें मनुष्याचें काम आहे. वहीवर गणिताचें उत्तर लिहितांना पाया पुन्हा एकदां तपासावा, एवढी एक संवय जरी आमच्या विद्यार्थ्यांनीं या चरित्रापासून उचलली, तरी आम्हांस समाधान वाटेल.