उघडे दार पुरेसे नसते

रमजानचे दिवस आले की आपल्या गावागावांत संध्याकाळी एक देखणे दृश्य दिसते. इफ्तारला शेजारचे काका येतात, शाळेतले सर येतात, पोलीस ठाण्याचे साहेब येतात. एकाच दस्तरखानावर खजूर, भजी आणि कलिंगडाच्या फोडी वाटून खाल्ल्या जातात. हे फार चांगले आहे, ते टिकले पाहिजे. पण दस्तरखान मगरीबच्या नमाजआधी गोळा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडते, शाळा उघडते, पतपेढी उघडते. तिथल्या खुर्च्यांवर कोण बसले आहे आणि कोण वर्षानुवर्षे दाराबाहेरच उभे आहे, हा प्रश्न काही इफ्तारच्या फोटोने सुटत नाही.

या प्रश्नाला आपल्याच मातीतल्या एका माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी हात घातला. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, जयंतीला हारही घातले जातात. पण त्यांनी हे काम नेमके कसे केले, कुठे अडले आणि अडल्यावर काय बदलले, ते पुन्हा एकदा नीट पाहण्यासारखे आहे.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव नावाचा मुलगा जन्मला. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर तो दत्तक गेला आणि शाहू झाला. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढे धारवाडला फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आला, तेव्हा महाराजांना विसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. धिप्पाड देह, कुस्तीचा आणि शिकारीचा नाद, रयतेत मिसळण्याची आवड. अशा तरुण राजाने आपल्या कचेऱ्यांवर नजर टाकली तेव्हा एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. दरबारच्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीची, म्हणजे ब्राह्मण माणसे होती. कारकुनांच्या सुमारे ५०० जागांत इतर साऱ्या समाजांची मिळून अवघी दहा माणसे होती.

यात कोणी मुद्दाम कारस्थान केले होते असे समजण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी होती त्यांची मुले शिकली. जी शिकली ती नोकरीत आली. जी आली त्यांनी ओळखीच्या मुलांना आणले. दारावर कोणतीही पाटी नव्हती. तरी मराठा, मुसलमान, जैन, लिंगायत, धनगर, महार, चांभार यांच्यापैकी जवळपास कोणीच आत नव्हते. राज्य ज्यांच्या महसुलावर चालत होते, त्यांचा एकही माणूस त्यांचा अर्ज वाचायला बसलेला नव्हता.

महाराजांनी पहिला उपाय केला तो आजच्या कोणत्याही भल्या संस्थेने केला असता तोच. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढले. कोणालाही मज्जाव नव्हता. थोड्याच काळात दिसले असे की त्यात ब्राह्मण मुलेच राहत आहेत. व्यवस्था ज्यांच्या हाती, स्वयंपाकघर आणि पंगत ज्यांच्या सवयीची, तिथे त्यांचीच मुले रुळली. खेड्यातून आलेला कुणब्याचा किंवा मुलाण्याचा पोर त्या उंबऱ्यापाशी येऊन परत फिरत होता. त्याला कोणी हाकलले नव्हते. आपण इथले नाही, एवढे त्याला आपोआप कळत होते.

महाराजांचे मोठेपण मला इथे दिसते. दार उघडे ठेवले होते, आता मुलेच येत नाहीत त्याला आम्ही काय करणार, असे म्हणून त्यांना मोकळे होता आले असते. नियत चांगली होती. पण नियतीच्या पुढे अमल असतो, आणि अमल फसला असेल तर पद्धत बदलावी लागते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच सुमारास जैन बोर्डिंग उभे राहिले. १९०६ मध्ये मुसलमानांसाठी, १९०७ मध्ये लिंगायतांसाठी, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे सारस्वत, दैवज्ञ, शिंपी, पांचाळ, ख्रिस्ती अशी एकामागून एक वसतिगृहे झाली. कोल्हापूरला वसतिगृहांची माता म्हणू लागले ते यामुळे.

यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. जातीजातींची वेगळी वसतिगृहे काढून महाराजांनी भिंती पक्क्या केल्या, असे म्हणणारे आहेत. शंका अगदीच बिनबुडाची नाही. पण ज्या मुलाला आपली भाषा, आपले जेवण, आपली प्रार्थना यांची लाज वाटायला लावणारे घर मिळते, तो शिकत नाही, पळून जातो. आधी त्याला त्याच्यासारख्यांत पाय रोवू द्यावेत, मग तो चौकात सर्वांबरोबर उभा राहील, हा महाराजांचा हिशोब होता. झोपायला वसतिगृहे वेगळी, पण कॉलेज एकच होते. अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा मात्र त्यांनी १९१९ मध्ये बंद केल्या आणि त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवले. वेगळेपण कुठे आधार असते आणि कुठे अपमान, हा फरक त्यांना कळत होता.

मुस्लीम बोर्डिंगची हकीकत या पानाच्या वाचकांना जवळची वाटेल. शिक्षणात मुसलमान फार मागे होते. महाराजांनी १९०६ मध्ये शहरातल्या मुसलमान पुढाऱ्यांना बोलावले, शिक्षणसंस्था स्थापन करायला लावली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. जागा आणि मदत दरबारने दिली. काही धर्मस्थळांचे उत्पन्न मुलांच्या शिक्षणाकडे वळवले. मराठी बोलणाऱ्या मुसलमानांना कुराणाचा अर्थ आपल्या भाषेत कळावा म्हणून भाषांतराच्या कामालाही त्यांनी द्रव्यसाहाय्य केले. त्यांच्याच दरबारात अल्लादिया खाँसाहेब गायक होते आणि आबालाल रहमान चित्रकार. कलेत मुसलमान असणे तसे नवे नव्हते. मुसलमान मुलगा कारकून व्हावा, मास्तर व्हावा, वकील व्हावा, ही इच्छा नवी होती.

या सगळ्यामागे एक जखमही होती. १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजपुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे उघड झाले. कारण त्याच्या लेखी छत्रपती शूद्र होते. जो माणूस राजालाही त्याची पायरी दाखवतो, तो गरिबाला काय दाखवत असेल, हे महाराजांना त्या दिवशी अंगावर कळले. पुष्कळ माणसे अपमानानंतर फक्त आपला मान परत मिळवतात. महाराजांनी तो वाद निकराने लढवला, पण तेवढ्यावर थांबले नाहीत.

२६ जुलै १९०२ रोजी करवीर गॅझेटात हुकूम निघाला, तेव्हा महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेलेले होते. हुकूम असा होता की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अशा पुढारलेल्या समाजांखेरीज बाकीचे सर्व मागासलेले धरले होते. म्हणजे मुसलमानही त्यात आले. कामावर असलेल्या कोणाला काढा, असे त्यात कुठेही नव्हते. हुकुमाच्या शेवटी एक छोटे कलम होते, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता सादर करावा. महाराजांना माहीत होते की चांगल्या हुकुमाला वाळवी लागते ती फायलीत. तक्ता मागितला की कोणाला घेतले आणि कोणाला टाळले, हे कागदावर उमटते. १९१२ साली वरिष्ठ जागा ९५ झाल्या होत्या आणि त्यांत ब्राह्मण अधिकारी ३५ होते. दहा वर्षांत चित्र पालटले होते.

लायकीचा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. कोल्हापुरात एक गोष्ट सांगतात. सांगलीचे एक वकील महाराजांकडे हाच आक्षेप घेऊन आले. महाराजांनी त्यांना पागेत नेले. एरवी प्रत्येक घोड्याच्या तोंडाला त्याचा तोबरा बांधलेला असे. त्या दिवशी सगळे चणे एका चटईवर ओतायला सांगितले. दांडगे घोडे पुढे घुसले, लाथा झाडत सगळे खाऊ लागले. आजारी घोडे आणि शिंगरे मागे उभी राहिली. वकीलसाहेबांना आणखी काही सांगावे लागले नाही.

नोकरी दिली की काम संपते, असेही महाराज मानत नव्हते. कचेरीत घेतलेल्या माणसाला तिथे रोज कसे वागवले जाते, यावर त्यांची नजर असे. १९१९ मध्ये त्यांनी महसूल, न्याय, शिक्षण, आरोग्य या खात्यांना बजावले की सरकारी जागेत अस्पृश्यांना बरोबरीने आणि मायेने वागवावे. ज्या नोकराला हे जमणार नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. समतेचे भाषण आणि समतेचा नियम यांत अंतर किती, ते या पेन्शनच्या ओळीवरून समजते. गुन्हेगार म्हणून रोज हजेरी द्यावी लागणाऱ्या जमातींची हजेरी त्यांनी बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याच्या कामावर घेतले. ज्यांच्यापासून राखायचे, त्यांनाच राखण दिली. मुलींच्या शाळांची देखरेख रखमाबाई केळवकरांकडे होती. तरुण मुलगा शिकारीत गेल्यावर विधवा सून इंदुमतीदेवींना त्यांनी घरच्या विरोधाला न जुमानता शिकवले.

गंगाराम कांबळे यांची हकीकतही याच वळणाची. ते पागेतले नोकर. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिले. त्यांनी भर रस्त्यावर चहाचे हॉटेल थाटले. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण महाराच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? महाराजांच्या कानी हे गेले. फिरायला निघाले की ते गाडी त्या हॉटेलापाशी थांबवू लागले. स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. राजाने कप उचलल्यावर इतरांना नाही म्हणता येईना.

१९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मूकनायक पत्राला त्यांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेला स्वतः गेले आणि जमलेल्या लोकांना सांगितले की तुमचा पुढारी तुम्हाला तुमच्यातूनच लाभला आहे. दुसऱ्यांचा कायमचा पालक होऊन राहण्याचा मोह राजाला सुटणे सोपे नसते. त्यांना तो सुटला होता. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७.

आता आपल्याकडे वळून पाहू. आपल्या संस्थांच्या दारावर सर्वांचे स्वागत असे लिहिलेले असते. पण शिपायापासून प्राचार्यापर्यंत, सहकारी बँकेच्या संचालकांपासून कारखान्याच्या सुपरवायझरपर्यंत यादी काढली तर काय दिसेल? ज्या घरमालकाला इफ्तारचा शिरखुर्मा चालतो, त्याला भाडेकरू म्हणून आपले आडनाव चालते का? हा प्रश्न मी माझ्या हिंदू मित्रांना विचारतो, तसाच तो आपल्या जमातीलाही विचारला पाहिजे. मशिदींच्या आणि शिक्षणसंस्थांच्या विश्वस्त मंडळांत पिंजारी, बागवान, मुलाणी, मणियार, कसाई या बिरादऱ्यांची माणसे किती? बायका किती? आपल्या शाळेत दुसऱ्या धर्माचे शिक्षक किती? रमजानात आपण जकातीचा हिशोब पैशापैशाने करतो. महाराजांच्या तिमाही तक्त्यासारखा हाही एक हिशोब करायला हरकत नाही.

कोल्हापूरच्या दसरा चौकात महाराजांचा पुतळा आहे आणि तिथेच मुस्लीम बोर्डिंग आहे. चंद्र दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बोर्डिंगच्या मैदानावर ईदच्या नमाजाच्या सफा लागतात, आणि नमाजानंतर गळाभेटीला शहरातले सगळ्या समाजांचे लोक येतात. त्या मैदानामागच्या खोल्यांत राहून किती मुले शिकली, नोकरीला लागली आणि दुसऱ्याचा अर्ज वाचायला खुर्चीवर बसली, हेही त्या गळाभेटीच्या वेळी आठवावे.