तुरुंगातली माणसे आणि सम्राट अशोक

चैत्रात अशोक जयंतीचे बॅनर लागतात. दसऱ्याला, म्हणजे अशोक विजयादशमीला, आम्ही सगळे दीक्षाभूमीच्या वाटेला लागतो. सम्राट अशोकाच्या आयुष्यातले दोन प्रसंग तर आपल्या पोरांना पाठ असतात: कलिंगचे युद्ध आणि महेंद्र-संघमित्रा यांना श्रीलंकेला पाठवणे. चौऱ्याऐंशी हजार स्तूपांचा आकडा भाषणात येतोच. पण या राजाने तुरुंगातल्या माणसांसाठी काय केले, यावर जयंतीच्या मंचावरून बोललेले आम्ही क्वचितच ऐकले आहे. म्हणून यंदा तेच सांगायचे ठरवले.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. तरुणपणी उज्जैनचा कारभार त्याच्याकडे होता. इ.स.पू. २६८ च्या सुमारास त्याचा राज्याभिषेक झाला. गादीसाठी त्याने नव्याण्णव भाऊ मारले असे श्रीलंकेचा महावंस सांगतो. हा आकडा इतिहासकार अक्षरशः घेत नाहीत, कारण अशोकाच्याच पाचव्या शिलालेखात त्याच्या भावा-बहिणींच्या घरांचा उल्लेख आहे. हा पाचवा शिलालेख लक्षात ठेवा, पुढे तोच महत्त्वाचा आहे.

सुरुवातीच्या अशोकाची एक कथा अशोकावदानात आहे. त्याने पाटलिपुत्रात एक तुरुंग बांधला. बाहेरून देखणा, आत यातनांची सगळी साधने. चंडगिरिक नावाचा क्रूर माणूस तिथे नेमला आणि त्याला वचन दिले की आत गेलेला कोणीही जिवंत बाहेर येणार नाही. एके दिवशी समुद्र नावाचा भिक्खू चुकून आत शिरला. त्याला उकळत्या कढईत टाकले, पण तो शांत बसून राहिला. हे पाहायला राजा स्वतः आला आणि जायला निघाला तेव्हा चंडगिरिकाने त्याला अडवले. नियम राजालाही लागू होता. आपल्या दोघांत आधी आत कोण आले, एवढे अशोकाने विचारले आणि मग चंडगिरिकालाच संपवून तो तुरुंग पाडून टाकला. कथा दंतकथाच आहे. पण फाहियान आणि ह्युएन त्संग या दोन्ही चिनी यात्रेकरूंना त्या नरकाची जागा म्हणून एक ठिकाण दाखवले गेले होते, म्हणजे शेकडो वर्षे लोकांच्या मनात ही आठवण टिकून होती. माणूस आत गेला की बाहेर यायचा तो मरूनच, अशा तुरुंगाचे नाव लोकांनी नरक ठेवले होते.

अभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर कलिंग झाले. एक लाख मेले, दीड लाख कैद करून दूर नेले गेले आणि त्याहून कितीतरी जास्त नंतर मेले, हे राजाने स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले. आपण नेहमी मेलेल्यांचा आकडा सांगतो. दीड लाख बंदिवानांचा आकडा मात्र पटकन विसरतो.

आणखी एक गोष्ट. हा तेरावा लेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, कोरलेला नाही. त्याऐवजी तिथे दोन वेगळे लेख आहेत, आणि त्यांतला एक तिथल्या न्याय पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. त्याचा आशय असा: सगळी प्रजा राजाची लेकरे आहेत. कुणाला विनाकारण कैद होते, कुणाचा छळ होतो, आणि त्या एकामुळे आणखी पुष्कळ माणसे दुःखात पडतात. अधिकाऱ्याने मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, आळस आणि कंटाळा यांपासून दूर राहावे. कंटाळा हा शब्द वाचून आम्ही थबकलो. दोन हजार दोनशे वर्षांपूर्वीच्या राजाला ठाऊक होते की कागदपत्रांना कंटाळलेल्या माणसामुळेही कैदी मरतो. एवढे सांगून तो थांबला नाही. हे नीट चालते की नाही ते पाहायला दर पाच वर्षांनी सौम्य स्वभावाचा अधिकारी फिरतीवर पाठवायची व्यवस्था त्याने केली.

आता पाचवा शिलालेख. अभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर अशोकाने धम्ममहामात्र नेमले. हे पद त्याच्या आधी नव्हते. त्यांच्या कामांच्या यादीत कैद्यांचे काम स्पष्ट आहे: त्यांना आधार द्यायचा, बेड्यांचा जाच कमी करायचा आणि सोडवायचे. कोणाला? ज्याच्यामागे लेकरेबाळे आहेत त्याला, जो म्हातारा झाला आहे त्याला, आणि तिसरा एक प्रकार आहे ज्याच्या अर्थावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी त्याचा अर्थ पीडेने ग्रासलेला असा घेतात, कोणी दुसऱ्याच्या चिथावणीने गुन्हा केलेला असा. आम्ही ओढूनताणून त्यातून मरणासन्न रोगी काढणार नाही. पण एक गोष्ट उघड आहे. ही यादी माणसाच्या अवस्थेची आहे. गुन्हा लहान की मोठा, अशी वर्गवारी तिथे केलेली नाही.

रोग्याचा उल्लेख हवा असेल तर तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. राजाच्या जन्मनक्षत्राला आणि पौर्णिमेला बालक, वृद्ध, आजारी आणि अनाथ कैद्यांना सोडावे असे ते सांगते. त्या ग्रंथाचा काळ वादाचा आहे, पण सुटकेची ही रीत या भूमीत जुनी आहे एवढे त्यावरून कळते. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाच्या शेवटी तर हिशोबच दिला आहे: अभिषेकापासून सव्वीस वर्षे होईपर्यंत पंचवीस वेळा कैदी सोडले. म्हणजे साधारण वर्षातून एकदा.

चौथ्या स्तंभलेखात तो आणखी पुढे गेला. फाशीची, म्हणजे देहदंडाची, शिक्षा झालेल्यांना त्याने तीन दिवसांची मुदत दिली. त्या मुदतीत नातेवाईकांनी जीवदानासाठी रदबदली करावी, आणि ते जमले नाही तर मरणाऱ्याने दान-उपवास करून मनाची तयारी करावी. ज्याला जीवदान मागायला कोणीच नाही, त्याचाही विचार त्यात आहे. न्याय आणि शिक्षा सर्वांना सारखी असावी हेही त्याच लेखात आहे. मनुस्मृतीत वर्णाप्रमाणे शिक्षा बदलते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या ओळीचे मोल सांगायला नको.

मात्र अशोकाला देव करायचे कारण नाही. देहदंड त्याने रद्द केला नाही. तेराव्या शिलालेखात पश्चात्तापाच्या सोबतच अटवीतल्या लोकांना, म्हणजे जंगलात राहणाऱ्यांना, दिलेली धमकीही आहे. आदिवासी कार्यकर्त्यांनी ती वाचावीच. आणि अशोकावदानात तिष्यरक्षितेची कथा आहे. तिने कुणालाचे डोळे काढवले. आंधळ्या कुणालाने तिच्यासाठी क्षमा मागितली, पण अशोकाने ऐकले नाही, तिला जाळवले. कथा खरी असो वा नसो, बौद्धांनीच ती जपली. त्या कथेत करुणा पोराकडे आहे, बापाकडे नाही.

हे सगळे आज का काढले? कारण आजारी कैद्यांचा प्रश्न आपल्या दारातला आहे. देशातल्या तुरुंगांत अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. मुलाखतीच्या रांगेत आपल्या वस्त्यांतल्या आया-बहिणी उभ्या असतात. स्टॅन स्वामी २०२१ साली कोठडीत असतानाच गेले, तेव्हा आपण रस्त्यावर आलो. पण ते कच्चे कैदी होते, त्यांच्यावर काही सिद्ध झाले नव्हते. त्यांच्यासाठी करुणा मागणे आपल्याला जड गेले नाही.

जड प्रश्न वेगळा आहे. खैरलांजीच्या खटल्यात २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, २०१० साली नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या जन्मठेपेवर आणली, आणि आपला संताप अजून विझलेला नाही. उद्या अशाच एखाद्या अत्याचाराच्या गुन्हेगाराला शेवटच्या टप्प्यातला कर्करोग झाला आणि घरी मरू द्या असा अर्ज आला, तर आपण काय म्हणू? यावर आमच्यात दोन रात्री वाद झाला. एका बाजूचे म्हणणे होते, ज्यांचे अख्खे घर कापले गेले त्यांना घरी मरायला कुठे मिळाले? या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ज्याला ते आहे असे वाटते त्याने पीडितांच्या घरी एकदा जाऊन यावे. तरीही आमच्यातल्या बहुतेकांचे मत शेवटी अशोकाच्या यादीकडे झुकले. पीडितांना आधी विचारावे, त्यांचे संरक्षण पक्के करावे, वैद्यकीय मंडळाने खरेखोटे तपासावे, आणि मग मरणाऱ्याला घरी जाऊ द्यावे. शिक्षा रद्द होत नाही. फक्त तिच्या शेवटच्या काही दिवसांत बेडी नसते.

कायद्यात वाट आहे, पण अरुंद. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला सरकार चौदा वर्षांआधी शिक्षामाफी देऊ शकत नाही. त्याआधी राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांचा घटनेतला अधिकारच उरतो, अनुच्छेद ७२ आणि १६१. अर्ज फिरत राहतो आणि रोग थांबत नाही. वृद्ध आणि असाध्य रोगाच्या कैद्यांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, ते याच कारणाने. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात असते आणि तिथे कैद्याला मोफत वकील मिळतो. वस्तीत कुणाचा माणूस आत आजारी असेल, तर नातेवाइकांसोबत तिथे जाणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

आपल्या राज्यात सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखाचे तुकडे सापडले. तिथे एकेकाळी चौदाही लेख असावेत असे मानतात, म्हणजे कैद्यांचा पाचवाही. तो तुकडा अजून मिळालेला नाही.

अशोक इ.स.पू. २३२ च्या सुमारास गेला. शेवटच्या आजारपणात, कथा सांगते, त्याचे अधिकारच काढून घेतले गेले. दान देऊ नये म्हणून खजिना बंद केला. सोन्याची ताटे गेली, चांदीची गेली, आणि ज्याच्या शब्दावर कैदी सुटायचे त्या राजाच्या हातात फक्त अर्धा आवळा उरला. तो त्याने कुक्कुटारामाच्या भिक्खूंना पाठवला. त्यांनी तो वाटून सारात घातला, म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला थोडाथोडा आला.