खंडित विद्याभ्यासाचे कैवारी : महर्षी धोंडो केशव कर्वे

विद्या बालपणीच संपादन करावी, असा आपल्या समाजाचा जुना समज आहे. तो काळ काही कारणाने हातचा गेला की पुढे ग्रंथ हाती धरण्याचा अधिकारच उरत नाही, असे अनेकांस वाटते; आणि हा समज स्त्रियांच्या वाट्यास विशेष कठोरपणे आला. ज्यांची शाळा विवाहामुळे, वैधव्यामुळे अथवा दारिद्र्यामुळे मधेच सुटली, अशा प्रौढ स्त्रियांसाठी विद्यामंदिराची द्वारे पुन्हा उघडण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते महर्षी अण्णासाहेब कर्वे होत. त्यांचे चरित्र आपल्या ज्ञातिकुटुंबांतील वडीलधाऱ्यांनी व विशेषतः भगिनींनी अवश्य मनन करावे असे आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली या आजोळच्या गावी झाला. कर्वे घराणे मुरूडचे. घरची स्थिती बेताची, आणि गावात इंग्रजी शिक्षणाची सोय नाही. सतराव्या वर्षी सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून सुमारे ११० मैल पायी चालत साताऱ्यास गेले. परंतु अंगकाठी लहान दिसते म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. वयाच्या नियमाने विद्येची वाट कशी अडते, याचा हा पहिला अनुभव. ते खचले नाहीत. पुढे इंग्रजीचा अभ्यास करून १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते. शिकवण्या करून त्यांनी मुंबईत संसार व अभ्यास दोन्ही चालविले आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन पदवी मिळविली. उशिरा शिकणाऱ्याची तळमळ अण्णांस अशी स्वानुभवाने ठाऊक होती.

१८९१ मध्ये त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी नामदार गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. पुनर्विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा त्यांचा निर्धार होता. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची भगिनी गोदूबाई बालपणीच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन उघडले, तेव्हा त्यात प्रवेश घेणारी पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. ज्या वयात इतर स्त्रिया चार मुलांच्या माता होत, त्या वयात तिने पाटी हाती घेतली होती. ११ मार्च १८९३ रोजी हा विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे, झाल्या. मुरूडकरांनी या दांपत्यास वाळीत टाकले. ज्ञातीच्या बहिष्काराचे शस्त्र किती तीक्ष्ण असते हे त्यांनी सोसले. पण त्याचा राग न धरता ते कार्यास लागले.

केवळ पुनर्विवाहाने हा प्रश्न सुटणार नाही, हे अण्णांनी लवकरच ओळखले. विधवेस स्वतःच्या पायावर उभे राहावयाचे तर तिला विद्या हवी. याच हेतूने १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. प्लेगच्या दिवसांत आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. तेथील जागा रावबहादूर गोखले यांनी दिली, आणि एका झोपडीत कार्य सुरू झाले. दिवसभर कॉलेजात गणित शिकवावे, आणि सायंकाळी चिखल तुडवीत हिंगण्यास चालत जाऊन तेथे शिकवावे, असा अण्णांचा क्रम होता.

आश्रमात येणाऱ्या स्त्रिया काही बालिका नव्हत्या. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांचेच उदाहरण घ्यावे. विशीत वैधव्य, पदरी एक मुलगा, आणि लेखन-वाचनाचा गंध जेमतेम. त्या वयाने मोठ्या असतानाच आश्रमात शिकू लागल्या, पुढे आश्रमाच्या कामासाठी गावोगाव वर्गणी गोळा करू लागल्या, आणि १९१८ मध्ये आश्रमासाठी निधी जमविण्यास थेट अमेरिकेस गेल्या. तेथे घरकामाची चाकरी करून त्यांनी दिवस काढले व इंग्रजी भाषेचा परिचय करून घेतला. उशिरा पेटलेली ज्योतही किती दूरवर उजेड देते, हे यावरून कळते.

आपल्या कल्याणचे नाव या संदर्भात सहज स्मरते. कल्याणच्या जोशी घराण्यात वाढलेल्या आनंदीबाई गोपाळराव जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, हा आपल्या परिसराचा सार्थ अभिमान. परंतु असामान्य धैर्य व पतीचे प्रोत्साहन ज्यांस लाभले, त्या एकट्या आनंदीबाई. सामान्य घरातील सामान्य स्त्रीने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हेच अण्णांचे खरे कार्य होय.

जपानातील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद भूषविताना त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ च्या जून महिन्यात ते विद्यापीठ स्थापन झालेही. आरंभी विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. या विद्यापीठाच्या रचनेत दोन गोष्टी मुद्दाम लक्षात घेण्याजोग्या आहेत. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा होते, कारण परभाषेतून प्रत्येक विषय शिकण्यात जी वर्षे जातात ती प्रौढ स्त्रीजवळ शिल्लक नसतात. तसेच, घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा होती, कारण मुलेबाळे व सासरघर टाकून वर्गात येणे सर्वांस शक्य नसते. गृहीतागमा ही त्या पदवीची संज्ञा होती.

या पदवीस सरकारी मान्यता नव्हती. ही कमी प्रतीची विद्या आहे, अशी टीका विद्वानांनीही केली. अण्णा वाद घालीत बसले नाहीत. देणगीची पावती-पुस्तके घेऊन फिरत राहिले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ १५ लाखांची देणगी दिली, आणि विद्यापीठास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लाभले. १९३६ मध्ये त्याचे मुख्य ठाणे मुंबईस आले. कायद्याने पूर्ण मान्यता मिळावयास मात्र १९५१ साल उजाडले. पस्तीस वर्षे मान्यतेवाचून एखादी संस्था चालविणे हे केवढे धैर्य! १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला, आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते कालवश झाले.

अण्णांच्या काळी जे धाडस होते ते आज सोयीचे झाले आहे. मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण आहे; १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही निघाले. तरीही ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील आपल्या घरांत अशा अनेक गृहिणी आहेत, ज्यांची पदवी लग्नाच्या वेळी एक-दोन वर्षे उरली ती उरलीच. पहाटे डबे भरून गाडी गाठणाऱ्या, पदवी नाही म्हणून बढतीवाचून राहिलेल्या भगिनीही आहेत. त्यांस अडविणारा कायदा कोठेच नाही. अडविते ती घरातील एक अस्फुट नापसंती : आता या वयात कशाला?

ज्ञातिसंस्थांचे साहाय्य बहुधा कोवळ्या वयाच्या गुणवंतांकडे वळते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या निधीतील थोडा अंश चाळिशीतल्या विद्यार्थिनीच्या परीक्षा-शुल्कासाठी निराळा ठेविला, तर ज्या ज्ञातिबहिष्काराचा ताप अण्णांनी सोसला त्याचे परिमार्जन ज्ञातीच्याच हातून होईल. सासूबाईंनी परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाकघर सांभाळावे, पतीने संध्याकाळचा तास मोकळा करून द्यावा, मुलांनी आईची वही कौतुकाने पाहावी. महर्षींचे स्मरण याहून अधिक थोर रीतीने करता येईल असे वाटत नाही.