भिंतींवर टोमणे मारणारा 'सेमो' कोण, हे न्यूयॉर्कला कळलं आणि बास्कियाचं आयुष्य बदललं

साल १९७८. न्यूयॉर्कच्या सोहो भागात, आर्ट गॅलऱ्यांच्या आसपासच्या भिंतींवर रातोरात वाक्यं उमटायला लागली. चित्र नाही, रंगरंगोटी नाही, फक्त स्प्रेने लिहिलेली साधी अक्षरं. कधी धर्माची खिल्ली, कधी राजकारणाची, तर कधी बापाच्या पैशावर कलाकार म्हणून मिरवणाऱ्या पोरांची. खाली सही एकच, सेमो. शेजारी कॉपीराइटचं चिन्ह.

पण हा सेमो कोण?

तर हे उद्योग होते विशीही न गाठलेल्या दोन दोस्तांचे, अल डियाझ आणि जाँ-मिशेल बास्किया. नेहमीचंच रडगाणं अशा अर्थाच्या एका इंग्रजी शिवीवरून त्यांनी हे नाव बनवलं होतं.

बास्कियाचा जन्म २२ डिसेंबर १९६० चा, ब्रुकलिनमधला. वडील हैतीहून आलेले अकाउंटंट, आईचं कुटुंब पोर्तो रिकोचं. आई त्याला लहानपणापासून म्युझियममध्ये न्यायची. १९६८ मध्ये रस्त्यावर खेळताना गाडीने उडवलं, प्लीहा काढावी लागली. हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या वाचायला आईने शरीररचनाशास्त्राचं जाडजूड पुस्तक आणून दिलं. पुढे त्याच्या चित्रांत कवट्या आणि हाडं दिसतात, त्याचं मूळ इथे आहे.

१७ व्या वर्षी त्याने घर सोडलं. मित्रांकडे झोपायचं, हाताने बनवलेली पोस्टकार्डं विकायची आणि रात्री भिंती रंगवायच्या.

डिसेंबर १९७८ मध्ये 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाने सेमोमागची पोरं शोधून काढली. इथेच जोडी फुटली. डियाझला पडद्याआडच राहायचं होतं, बास्कियाला नाव कमवायचं होतं. १९७९ मध्ये सोहोच्या भिंतींवर सेमो मेल्याची खबर लिहिलेली दिसली. लिहिणारा अर्थातच बास्किया.

पुढचा प्रवास सुसाट होता. १९८२ मध्ये जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या मोठ्या प्रदर्शनात २१ वर्षांच्या बास्कियाची चित्रं लागली. अँडी वॉरहॉलशी दोस्ती झाली. १९८५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकाच्या कव्हरवर तो झळकला, अंगात सूट आणि पाय अनवाणी. ज्या श्रीमंत कलाबाजाराला सेमो टोमणे मारायचा, तोच बाजार आता त्याची चित्रं विकत होता.

पण निनावी असताना त्याने केलेल्या कामाची किंमत काय असू शकते, हे त्याला सप्टेंबर १९८३ मध्ये दिसलं.

मायकल स्टुअर्ट या कृष्णवर्णीय तरुण कलाकाराला भुयारी रेल्वेच्या स्टेशनवर भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पकडण्यात आलं. पोलिसांच्या ताब्यात असताना तो कोमात गेला आणि १३ दिवसांनी मेला. पुढे खटल्यात सगळे आरोपी निर्दोष सुटले. बास्किया हादरला. स्टुअर्टच्या जागी आपणही असू शकलो असतो, ही भीती त्याच्या मनात बसली.

मित्र कीथ हॅरिंगच्या स्टुडिओच्या भिंतीवर त्याने एक चित्र काढलं. दोन पोलीस, हातात दंडुके आणि मधे एक काळी आकृती. वर विद्रूपीकरण अशा अर्थाचा स्पॅनिश शब्द, प्रश्नचिन्हांमध्ये. म्हणजे विद्रूप नक्की काय झालं, भिंत की माणूस? त्या शब्दाला कॉपीराइटचं तेच सेमोवालं चिन्ह जोडलेलं होतं. हॅरिंगने स्टुडिओ सोडताना तो भाग भिंतीतून कापून घेतला आणि घरी पलंगाच्या वर लावला. बास्कियाने हे चित्र कधी विकायला काढलंच नव्हतं.

१९८७ मध्ये वॉरहॉल गेला आणि बास्किया आणखी एकटा पडला. १२ ऑगस्ट १९८८ रोजी हेरॉइनच्या ओव्हरडोसने त्याचा मृत्यू झाला. वय फक्त २७.

१९८४ मध्ये १९ हजार डॉलरला गेलेलं त्याचं कवटीचं एक चित्र मे २०१७ मध्ये ११ कोटी ५ लाख डॉलरला विकलं गेलं. त्याच वर्षी लंडनच्या बार्बिकन सेंटरमध्ये त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा बाहेरच्या भिंतीवर एक नवं चित्र उगवलं. आत ज्याचं स्वागत होतंय, त्या बास्कियाच्या चित्रातल्या माणसाची बाहेर दोन पोलीस झडती घेतायत.

काढणारा होता बँक्सी. ज्याने आपलं नाव स्वतःहून कधीच सांगितलेलं नाही.