विश्लेषण : एकाच रुळावर उभी राहणारी रेल्वे बनवणारे लुई ब्रेनन कोण होते?

एका चाकाच्या इलेक्ट्रिक युनिसायकलमधला जायरोस्कोप म्हणजे नखाएवढी चिप. ती फक्त कल मोजते. पुढे-मागे तोल मोटर सांभाळते आणि डावीकडे-उजवीकडे पडायचे की नाही, हे चालवणाऱ्याच्या अंगावर सोडलेले असते. हे दुसरे कामही यंत्राकडून करून घेणारा अभियंता शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला.

लुई ब्रेनन यांचा जन्म १८५२ मध्ये आयर्लंडमधील कॅसलबारचा. नऊ वर्षांचे असताना कुटुंब मेलबर्नला गेले. तिथे त्यांनी किनाऱ्यावरून तारेने दिशा देता येणारा टॉर्पेडो बनवला. ब्रिटिश सरकारने त्यासाठी एक लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजली. ब्रेनन पुढे आयुष्यभर शोधच लावत राहिले.

गाडी पडत का नव्हती?

फिरता भोवरा कलला की लगेच पडत नाही, त्याची आस गोल फिरू लागते. मात्र गाडीत जड चक्र नुसते घट्ट बसवून भागत नाही. आस फिरूच दिली नाही, तर गाडी सरळ आडवी होते. ब्रेनन यांची खरी करामत इथे आहे. गाडी कलताच त्यांची यंत्रणा आसेच्या या फिरण्याला आणखी रेटा देई आणि गाडी पुन्हा उभी राही. वळणावर गडबड होऊ नये म्हणून उलटसुलट फिरणारी दोन चक्रे होती. सगळे प्रवासी एका बाजूला गेले, तर तीच बाजू वर उचलली जाई!

भारताचा संबंध काय?

वायव्य सरहद्दीच्या डोंगरात झटपट टाकता येईल अशी लष्करी रेल्वे, या आशेने इंडिया ऑफिस आणि काश्मीर दरबाराने पैसा दिला. १० नोव्हेंबर १९०९ रोजी इंग्लंडमधील गिलिंगहॅम येथे २२ टनांची गाडी ३२ जणांना घेऊन एका रुळावर धावली. पुढच्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात विन्स्टन चर्चिलही तिच्यात बसले.

मग अडले कुठे?

गणितात नव्हे, भरवशात. चक्रे थांबली तर काय, ही भीती गेली नाही. वीज तोडली तरी निर्वात पेटीतली ती चक्रे बराच वेळ फिरत राहत, पण हे लोकांना पटवणे अवघड होते. शिवाय प्रत्येक डब्याला स्वतःची चक्रे हवीत. साधी मालगाडीसुद्धा महाग पडली असती. गुंतवणूकदार आलेच नाहीत.

ब्रेनन मग हेलिकॉप्टरकडे वळले. तो प्रकल्प सरकारने १९२६ मध्ये बंद केला. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे मोटारीची धडक बसून ते जखमी झाले आणि जानेवारी १९३२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.